ब्रिटिश स्टँडअप नव्याने पाहणाऱ्यांसाठी: पबच्या माडीपासून एडिनबरापर्यंत

ब्रिटिश स्टँडअपशी आपली गाठ बहुधा मोबाईलवर पडते. कुणीतरी चाळीस-पन्नास सेकंदांची क्लिप पाठवतं, आपण हसतो, लगेच पुढची येते. त्यात वाईट काही नाही, पण या कलेचा खरा ऐवज तिथे हाती लागत नाही. ब्रिटनमधले कसलेले विनोदकार वर्षभर एकाच गोष्टीसाठी राबत असतात: एक तासाचा, एकसंध, नवाकोरा कार्यक्रम. तो पबच्या माडीवर कच्च्या स्वरूपात सुरू होतो, ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या महोत्सवात उभा राहतो, पुढे गावोगावच्या नाट्यगृहांत फिरतो आणि सरतेशेवटी चित्रीत होऊन त्याचे तुकडे आपल्यापर्यंत येतात. हे चक्र ध्यानात आलं की कोणता कार्यक्रम कधी पाहावा, परीक्षणं कशी वाचावीत आणि स्टँडअपच्या बातम्यांत लोक नेमके कशावरून भांडताहेत, हे सगळं उलगडत जातं.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नुकतेच ब्रिटनला आलेले मराठी लोक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. पुण्या-नाशकात बसून ऐकणाऱ्यांनाही यातलं निम्मं उपयोगी पडेल.

पहिली पायरी: हे सगळं कुठून आलं ते जाणून घ्या

इतिहास थोडक्यात सांगतो, पण तो टाळू नका. आजचे बहुतेक वाद तिथवर जाऊन पोहोचतात.

मे १९७९ मध्ये लंडनच्या सोहो भागात, डीन स्ट्रीटवरच्या एका स्ट्रिप क्लबच्या वरच्या जागेत, पीटर रोझेनगार्ड आणि डॉन वॉर्ड यांनी ‘कॉमेडी स्टोअर’ सुरू केलं. सूत्रसंचालन अलेक्सी सेल करायचा. त्याआधी स्टँडअप चालायचं ते मुख्यतः कामगारांच्या क्लबांमध्ये. तिथले विनोद बरेचसे सामाईक असत, आज याच्या तोंडी तर उद्या त्याच्या. सासू, आयरिश लोक आणि आशियाई-आफ्रिकी स्थलांतरित हे त्या विनोदांचे ठरलेले बकरे. सोहोत जमलेल्या नव्या मंडळींनी दोन गोष्टी बदलल्या. विनोद स्वतःचा, स्वतःच्या जगण्यातून आलेला हवा, आणि वंशावरून किंवा बाईमाणसावरून स्वस्तातला हशा काढायचा नाही. या प्रवाहाला ‘ऑल्टरनेटिव्ह कॉमेडी’ म्हणू लागले. दुसऱ्याचा विनोद चोरणं हा आजही ब्रिटनमध्ये सर्वांत मोठा गुन्हा समजला जातो, आणि विनोदाचा मार कोणाला बसतो हा प्रश्न आजही विचारला जातो.

हेच कॉमेडी स्टोअर २०१० मध्ये मुंबईत लोअर परळला आलं होतं. पुढे त्या जागेचं नाव बदललं, पण मुंबईच्या स्टँडअपच्या सुरुवातीच्या पिढीतल्या अनेकांनी तिथेच माइक हातात धरला. मुंबईतल्या क्लबमध्ये कधी गेला असाल, तर सूत्रसंचालक, तीन-चार विनोदकार आणि मध्यंतर हा साचा तुम्ही आधीच पाहिलेला आहे.

दुसरी पायरी: कान तयार करा

पहिली अडचण विनोदाची नसते, उच्चारांची असते. ग्लासगो, न्यूकॅसल, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम, प्रत्येक ठिकाणचं इंग्रजी वेगळं. शिवाय इथला विनोद वर्गावर बेतलेला असतो. कोणाची शाळा फी भरून शिकण्याची होती, कोण किराणा महागड्या वेट्रोजमधून आणतो आणि कोण स्वस्त लिडलमधून, एवढ्या एका उल्लेखावर अख्खं सभागृह हसतं. हे शब्दकोशात सापडत नाही, सवयीने कळतं.

सवयीसाठी रेडिओसारखं साधन नाही. बीबीसी रेडिओ ४ वरचा ‘द न्यूज क्विझ’ १९७७ पासून चालू आहे. आठवड्याच्या बातम्यांवर चार-पाच जण बोलतात, त्यामुळे ब्रिटनचं राजकारण आणि विनोद एकदमच कानावर पडतात. त्याचा सध्याचा सूत्रधार अँडी झाल्ट्समन हा बीबीसीच्या कसोटी समालोचनात आकडेवारी सांभाळणाराही आहे. क्रिकेटवेड्या मराठी माणसाला त्याच्याशी सूत जुळवायला वेळ लागत नाही. त्याचंच ‘द ब्यूगल’ हे पॉडकास्ट २००७ पासून चालू आहे आणि त्यात भारतातला अनुवब पाल वरचेवर असतो. तिथून सुरुवात केली तर निदान एक आवाज तरी ओळखीच्या वळणाचा मिळेल.

‘टास्कमास्टर’ हा खेळाचा कार्यक्रम यूट्यूबवर सहज मिळतो. तो स्टँडअप नव्हे, पण वीस-पंचवीस विनोदकारांचे स्वभाव ओळखीचे होतात आणि मग कोणाचं तिकीट काढायचं हे ठरवता येतं. ‘लाइव्ह अ‍ॅट द अपोलो’ मध्ये मोठ्या सभागृहातले छोटे सेट, म्हणजे एकेका विनोदकाराने सलग केलेले छोटे कार्यक्रम, असतात. चव घ्यायला ते ठीक.

यानंतर मात्र एक अख्खा तास बघा, आणि अर्ध्यात सोडू नका. जेम्स अ‍ॅकास्टर आणि अहिर शाह ही दोन नावं मी आधी सुचवेन. अहिरचा ‘एंड्स’ नेटफ्लिक्सवर आला आहे. १९६४ मध्ये भारतातून ब्रिटनला आलेले आजोबा आणि ऋषी सुनक पंतप्रधान झालेला ब्रिटन, या दोन टोकांमध्ये तो उभा आहे. पहिल्या दहा मिनिटांत सहज टाकलेली गोष्ट पन्नासाव्या मिनिटाला कशी परत येते, याकडे लक्ष ठेवा. एका माणसाने रंगमंच तोलून धरणं आपल्याला नवीन नाही. एकपात्री प्रयोग आणि कथाकथन ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला हा एक तासाचा घाट लवकर उमगतो, हा आपला मोठा फायदा आहे.

स्ट्यूअर्ट लीचे कार्यक्रम मात्र नंतर बघा. तो स्टँडअपचे संकेत मोडून विनोद करतो, आणि संकेत ठाऊक नसतील तर मोडलेले कळणार नाहीत.

तिसरी पायरी: क्लबमधली पहिली रात्र

लंडनमध्ये कॉमेडी स्टोअर आता लेस्टर स्क्वेअरजवळ ऑक्सेंडन स्ट्रीटवर आहे. मँचेस्टरला ‘फ्रॉग अँड बकेट’, बर्मिंगहॅमला ‘ग्ली क्लब’, आणि एडिनबरा, ग्लासगो, न्यूकॅसल या तिन्ही ठिकाणी ‘द स्टँड’. यांपैकी कुठेही गेलात तरी पाहण्याजोगं मिळेल. शुक्रवार-शनिवारची रात्र शक्यतो टाळा. लग्नाआधीच्या मौजेसाठी निघालेल्या मित्रमैत्रिणींच्या टोळ्या त्या दोन रात्री क्लब भरून टाकतात आणि विनोदकारही मग सुरक्षित, जोरकस सेटच करतात. गुरुवारी किंवा रविवारी तेच लोक मोकळे होऊन बोलतात, आणि तिकीटही बहुधा कमी असतं.

रात्रीची बांधणी ठरलेली. सुरुवात ‘कंपेअर’ करतो, म्हणजे सूत्रसंचालक. त्याचं काम फक्त नावं पुकारणं नव्हे. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या परक्या माणसांचा एक श्रोतृवर्ग बनवणं हे त्याचं काम. म्हणून तो पुढच्या रांगेशी बोलतो: कुठून आलात, काय काम करता. विचारलं तर खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. चतुर उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नका, आणि गप्पही बसू नका. ‘अकाउंटंट आहे, कोल्हापूरचा’ एवढं पुरे. त्याला काय करायचं ते तो करेल, आणि बहुतेक वेळा ते प्रेमानेच असतं. बोलणं नकोच असेल तर तिसऱ्या रांगेपासून मागे बसा. त्यानंतर प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांचे दोन-तीन सेट, मध्ये मध्यंतरं, आणि शेवटी ‘हेडलायनर’, म्हणजे त्या रात्रीचा मुख्य विनोदकार.

बऱ्याच क्लबांत अठरा वर्षांखालील लोकांना प्रवेश नसतो, तेव्हा वयाचा पुरावा जवळ ठेवा. मोबाईल बंद ठेवा आणि चित्रीकरण अजिबात करू नका. हा नुसता शिष्टाचार नाही. विनोद आधीच कळला की संपतो. तुमची क्लिप बाहेर गेली तर त्या माणसाचं सहा महिन्यांचं काम वाया जातं.

चौथी पायरी: कच्चा कार्यक्रम पाहा

मला स्वतःला सर्वांत जास्त आवडतात त्या या रात्री, आणि नवख्यांना यांचा पत्ताच नसतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘वर्क इन प्रोग्रेस’ किंवा ‘प्रीव्ह्यू’ असं लिहिलेलं दिसलं की समजा, तयारी चालू आहे. जानेवारीपासून जुलैपर्यंत असे प्रयोग देशभर होतात. फेब्रुवारीतला लेस्टर कॉमेडी फेस्टिव्हल, जो १९९४ पासून भरतो, आणि मेच्या सुरुवातीला वेल्समधल्या मखन्हलेथ या छोट्या गावात होणारा महोत्सव, या दोन्ही ठिकाणी तर त्यांचीच रेलचेल असते. लंडनमध्ये इझलिंग्टनचा ‘द बिल मरे’ हा पब याच कामासाठी प्रसिद्ध आहे.

अशा एका रात्रीचं चित्र असं असतं. साठ-सत्तर खुर्च्यांची खोली, एक माइक, एक उंच स्टूल. स्टुलावर पाण्याचा पेला, घडी केलेला कागद आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवलेला मोबाईल. कागदावर वाक्यं नसतात, नुसते शब्द असतात: ‘आजीचा फ्रिज’, ‘डेंटिस्ट’, ‘शेवट?’. विनोदकार एक किस्सा सांगते. जिथे हशा यावा असं तिला वाटलं होतं तिथे कोणी हसत नाही. हसतात ते भलत्याच ओळीला, फ्रिजच्या दाराबद्दल ती ओघात बोलून गेली त्याला. ती थांबते, खिशातून पेन काढते आणि कागदावर खूण करते. सगळ्यांच्या देखत. ऑगस्टमध्ये तोच कार्यक्रम पुन्हा पाहिलात तर डेंटिस्ट गायब असतो आणि मार्चमध्ये अर्धा मिनिट असलेला फ्रिज कार्यक्रमाचा कणा झालेला असतो. विनोद सुचतो कमी आणि घडवला जातो जास्त, हे इथे डोळ्यांनी दिसतं. एकच कार्यक्रम आधी कच्चा आणि मग पक्का, असा दोनदा बघा. दहा वेगवेगळे कार्यक्रम पाहून जे कळत नाही ते त्यातून कळतं.

तिकीट स्वस्त असतं, कधी नसतंच. बदल्यात तुमच्याकडून एकच अपेक्षा: खोटं हसू नका. तुमचं खरं हसणं आणि खरं गप्प राहणं हीच तिथली मदत आहे.

पाचवी पायरी: ऑगस्ट आणि एडिनबरा

१९४७ मध्ये एडिनबरात मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ नाट्यसंस्था आमंत्रण नसताना येऊन आपापले प्रयोग करून गेल्या. त्यातून ‘फ्रिंज’ उभा राहिला. आजही तिथे निवड समिती नाही. जागा मिळवा, शुल्क भरून पत्रिकेत नाव नोंदवा आणि प्रयोग करा. ऑगस्टच्या साधारण साडेतीन आठवड्यांत तीन हजारांहून जास्त कार्यक्रम होतात आणि स्टँडअपचा वाटा त्यात फार मोठा.

राहण्याची सोय आधी, तिकिटं नंतर. ऑगस्टमध्ये एडिनबरातली भाडी कुठच्या कुठे जातात. वसंतातच आरक्षण करा. सुट्टीत रिकामी असलेली विद्यापीठाची वसतिगृहं भाड्याने मिळतात, ती पाहा. नाहीतर ग्लासगोला राहा. रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येतं, फक्त परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा, कारण चांगले कार्यक्रम रात्री उशिरा संपतात. छत्रीपेक्षा रेनकोट बरा.

दिवसाला चारपेक्षा जास्त कार्यक्रम ठेवू नका, मी तर तीनच म्हणेन. प्रत्येक कार्यक्रम तासाचा आणि वेळेवर सुरू होणारा. उशिरा आलेल्यांना बरेचदा आत घेत नाहीत, कारण पुढचा कलाकार दाराशी उभा असतो. ‘प्लेझन्स कोर्टयार्ड’ या प्रयोगस्थळापासून ब्लेअर स्ट्रीटवरच्या ‘मंकी बॅरल’ या क्लबपर्यंतचं अंतर नकाशावर किरकोळ दिसतं. प्रत्यक्षात चढउतार असतात, रस्ते गर्दीने तुंबलेले असतात. दोन कार्यक्रमांत पाऊण तासाची फट ठेवा आणि त्यात काहीतरी खाऊन घ्या.

निवड कशी करायची? एक नाव ओळखीचं, एक कुणीतरी सुचवलेलं आणि एक पूर्ण अनोळखी, ही विभागणी मला सर्वांत फळलेली आहे. अनोळखी शोधायचा तो रस्त्यावर. रॉयल माइलवर कलाकार स्वतः पत्रकं वाटत असतात. पत्रक घ्या आणि कार्यक्रम कशाबद्दल आहे ते विचारा. दोन मिनिटांच्या त्या बोलण्यातून पुढच्या तासाचा बराच अंदाज येतो. पहिल्या दोन-तीन दिवसांचे प्रीव्ह्यू स्वस्त असतात.

विनामूल्य कार्यक्रमांना कमी लेखू नका. पीटर बकली हिल यांनी १९९६ मध्ये ‘फ्री फ्रिंज’ सुरू केला. कलाकाराने जागेचं भाडं द्यायचं नाही, प्रेक्षकाने तिकीट काढायचं नाही, शेवटी दाराशी बादली धरली जाते. आता बादलीच्या जोडीला कार्ड-यंत्रही असतं. तास आवडला असेल तर पाच ते दहा पौंड टाका. जवळ पैसे कमी असतील तर जमेल तेवढे टाका, पण नजर चुकवून निघून जाऊ नका. तिकीट लावणाऱ्या मोठ्या ठिकाणी जागा आणि जाहिरातीचा खर्च कलाकारावर पडतो, आणि महिनाभर भरलेल्या खुर्च्यांपुढे काम करूनही कित्येकजण तोट्यात घरी जातात. बादलीत पडलेले पैसे मात्र बहुतांशी थेट त्यांच्या हातात येतात.

महिनाअखेरीला एडिनबरा कॉमेडी अवॉर्ड्स जाहीर होतात. १९८१ मध्ये ‘पेरिए’ या नावाने सुरू झालेला हा पुरस्कार स्टँडअपमध्ये सर्वांत मानाचा. २०२३ साल आपल्यासाठी खास होतं. मुख्य पुरस्कार अहिर शाहला आणि पदार्पणाचा पुरस्कार मुंबईच्या उरूज अशफाकला, असे दोन्ही मान भारताशी नातं असलेल्या विनोदकारांना एकाच वर्षी मिळाले. उरूजने मुंबईच्या छोट्या खोल्यांत घोटलेला कार्यक्रम तिथे पोहोचला. त्या बातमीने मला फार आनंद झाला होता आणि अजूनही होतो.

सहावी पायरी: बातम्या आणि परीक्षणं वाचताना

रोजच्या घडामोडींसाठी ‘चॉर्टल’ हे संकेतस्थळ. स्टीव्ह बेनेट यांनी ते २००० मध्ये सुरू केलं. कलाकारांची माहिती आणि कार्यक्रमांच्या तारखांसाठी ‘ब्रिटिश कॉमेडी गाइड’. परीक्षणांसाठी ‘द गार्डियन’ मधले ब्रायन लोगन, आणि स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिणारे ब्रूस डेसाउ. एकाच कार्यक्रमावरची दोन परीक्षणं शेजारी ठेवून वाचा. कोणाची आवड तुमच्याशी जुळते ते लवकरच कळेल.

ताऱ्यांना भुलू नका. एडिनबरात परीक्षण आलं की रात्रीतून पत्रकांवर ताऱ्यांच्या पट्ट्या स्टेपल होतात. तारे मोजण्याआधी ते कोणी दिले ते वाचा. चॉर्टल पाच तारे क्वचितच देतं, त्यामुळे त्यांचे चार पुष्कळ वजनदार असतात. तीन तारे म्हणजे वाईट, असंही समजू नका. महत्त्वाकांक्षी पण अजून न जुळलेल्या कार्यक्रमाला बरेचदा तीनच मिळतात, आणि असा कार्यक्रम गुळगुळीत चार ताऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहतो.

वादाच्या बातम्यांत मथळ्याच्या खाली उतरा. २०२२ मध्ये मुद्दाम धक्का देणारा विनोद करणाऱ्या जेरी सॅडोविट्झचा कार्यक्रम त्यातला मजकूर आक्षेपार्ह म्हणून एका प्रयोगानंतर प्लेझन्सने रद्द केला. काहींनी लिहिलं, अभिव्यक्तीचा गळा घोटला. काहींनी लिहिलं, बरं झालं. वाचताना विचारायचे प्रश्न साधे: प्रयोग कोणी पाहिला होता, कोणी ऐकीव लिहिलं, निर्णय सरकारचा की जागा चालवणाऱ्याचा, आणि प्रेक्षकाला आधी काय सांगितलं होतं. हा निर्णय जागा चालवणाऱ्यांचा होता. माझं मत विचाराल तर त्या कलाकाराचा बाज दशकानुदशकं सर्वांना ठाऊक होता, तेव्हा त्याला जागा देताना विचार करायला हवा होता. दिल्यावर मागे घेणं योग्य नव्हतं.

याहून महत्त्वाच्या बातम्या कमी गाजतात: बंद पडणारे क्लब, वर्षानुवर्षं न वाढलेलं मानधन, एडिनबरातली घरभाडी. महासाथीत क्लब बंद झाले तेव्हा या सगळ्या व्यवसायासाठी बोलणारी स्वतंत्र संघटना नव्हती, म्हणून २०२० मध्ये लाइव्ह कॉमेडी असोसिएशन स्थापन झाली. तिच्या निवेदनांकडे लक्ष ठेवा. पुढच्या पाच वर्षांत मंचावर कोण दिसेल आणि कोणाला परवडणार नाही, हे त्यातून आधी समजतं.

सातवी पायरी: स्वतः उभं राहायचं असेल तर

विद्यार्थी व्हिसावर असाल तर थांबा आणि आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्लागारांना भेटा. या व्हिसावर स्वयंरोजगार आणि मनोरंजन करणारा कलाकार म्हणून काम करण्याला मनाई आहे. ‘पैसे घेणार नाही’ म्हणजे चालेल, असं स्वतःच ठरवू नका, लेखी विचारून घ्या. इतर व्हिसांच्या अटीही तपासा.

तो प्रश्न नसेल तर सुरुवात ‘ओपन माइक’ पासून, म्हणजे नवख्यांना काही मिनिटं मंच देणाऱ्या रात्रींपासून. नाव ईमेलने किंवा अर्ज भरून नोंदवतात आणि तारीख कधी कधी काही महिन्यांनी मिळते. काही ठिकाणी सोबत एक मित्र आणावाच लागतो, ती अट आधी वाचा. मँचेस्टरला ‘बीट द फ्रॉग’ आणि लंडनला कॉमेडी स्टोअरची ‘किंग गाँग’ या रात्रींत प्रेक्षकांनी ठरवलं की तुम्हाला खाली उतरावं लागतं. पहिल्यांदाच तिथे जाऊ नका. आठ-दहा शांत खोल्यांत काम करून मग जा.

पाच मिनिटं लिहा आणि घड्याळ लावून म्हणून पाहा. हशाची जागा धरली तर कागदावर चार मिनिटांचाच मजकूर पुरतो. आपल्या उच्चारावरचा विनोद सुरुवातीला एकदाच ठेवा, सगळा सेट त्यावर उभा करू नका, कारण तो त्या खोलीने ऐकलेला असतो. सांगलीतली तुमची गल्ली, तुमचं ऑफिस, घरमालकाशी चाललेला पत्रव्यवहार हे मात्र कोणी ऐकलेलं नसतं. वेळ संपत आली की मागून दिवा लुकलुकतो. तो दिसला की चालू वाक्य पूर्ण करा, नमस्कार करा आणि उतरा. हशा मिळतोय म्हणून एक मिनिटही वाढवू नका. तुमच्यानंतर आणखी काहीजण थांबलेले असतात, आणि पुढची तारीख देणारा माणूस मागे उभा राहून तेवढंच पाहत असतो. नंतर बाकीच्यांचे सेट संपेपर्यंत खोलीत बसून राहा. पुढच्या प्रयोगांचे पत्ते तिथेच, त्याच लोकांकडून मिळतात.